एक जुलैची मुलं

चामोर्शी
शनिवार, १७ मार्च २००७

प्रिय सुकरी,

सुकलूनं हे पाकीट तुझ्या हातात अठ्ठावीस तारखेलाच, बुधवारी, दिलं असेल अशी आशा आहे. मी त्याला तीनदा बजावलं आहे, एक दिवस आधी नाही आणि एक दिवस उशिरा नाही. तो हसायला लागला. तुझा भाऊ आता गडचिरोलीच्या आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकतो, मिशा फुटल्या आहेत, त्यामुळे गुरुजींच्या बोलण्यावर हसायची परवानगी त्यानं स्वतःच स्वतःला देऊन टाकली आहे. पाकिटाबरोबर कापडात गुंडाळलेली एक वस्तू आहे. हे पत्र वाचून होईपर्यंत ती सोडू नकोस. पहिलीत असताना प्रार्थना संपायच्या आत खाऊचा पुडा फोडणारी मुलगी तूच होतीस, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

एकतीस वर्षं आश्रमशाळेत मास्तरकी केली, पण असं पत्र मी फारसं कुणाला लिहिलेलं नाही. ‘पालकांस कळविण्यात येते की’ याच्या पुढे माझी लेखणी सहसा गेलीच नाही. आज जाते आहे ती तुझ्यामुळे. तुझ्या-माझ्यात दीड वर्षापासून बोलणं नाही. गेल्या महिन्यात इथून जवळच्या मार्कंड्याच्या जत्रेला तू मैत्रिणींबरोबर आली होतीस, हे मला शेजारच्या कलाबाईनं सांगितलं. घराकडे फिरकली नाहीस. बरोबरच केलंस. मी तुझ्या जागी असतो तर चामोर्शीची बससुद्धा पकडली नसती.

झालं काय ते तुला माहीत आहेच, पण शिकवलेलं पुन्हा सांगायची मास्तराची खोड असते, आणि तू तुझ्या बाजूनं पाहिलेलं मला माझ्या बाजूनं एकदा सांगायचं आहे. तू बारावी होऊन चंद्रपूरला बी.एस्सी.ला गेलीस तेव्हा तुझ्या कॉलेजात तहसीन मॅडमनं शनिवार मंडळ काढलं होतं. शनिवारी कॉलेज अर्ध्या दिवसात सुटलं की ज्यांना हवं त्यांनी संगणकाच्या खोलीत थांबायचं आणि जगभरातल्या लोकांनी मिळून केलेले, कुणालाही फुकट वापरता येणारे, आतून उघडून बघता येणारे प्रोग्रॅम शिकायचे. नुसते वापरायचे नाहीत, काही बिघडलेलं दिसलं तर दुरुस्त करून परत सगळ्यांना द्यायचे. त्यातलाच एक प्रोग्रॅम दवाखान्यात रुग्णांच्या नोंदी ठेवायचा होता. पहिल्या उन्हाळ्याच्या सुटीत तुम्ही तो आपल्या शाळेजवळच्या, एटापल्लीच्या आतल्या त्या लहानशा दवाखान्यात बसवलात. जुन्या वह्यांतल्या नोंदी तू स्वतः बसून त्यात भरल्यास. मला तेव्हा फार बरं वाटलं होतं. चार लोकांना सांगत सुटलो होतो की माझी विद्यार्थिनी दवाखान्याला संगणक शिकवते आहे.

आणि पावसाळ्यात सुकलू आजारी पडला. त्याला सिकलसेल हा रक्ताचा जन्मजात आजार आहे हे दवाखान्याला वर्षानुवर्षं माहीत होतं, वहीत लाल शाईनं लिहिलेलं होतं. पण त्या दिवशी नवीन आलेल्या डॉक्टरांनी संगणकात पाहिलं तर तिथं लिहिलं होतं, सिकलसेल नाही. त्यांनी तापाच्या गोळ्या दिल्या आणि घरी पाठवलं. दोन दिवसांनी पोराला खाटेवर घालून आणलं तेव्हा दुखण्यानं त्याच्या तोंडून आवाजही निघत नव्हता. वाचला, पण पंधरा दिवस दवाखान्यात होता. चूक शोधली तेव्हा कळलं की तुमच्याच गावाच्या नदीपलीकडच्या टोल्यावरच्या, म्हणजे वस्तीवरच्या, दुसऱ्या सुकलूची तपासणी आपल्या सुकलूच्या नावावर चढली होती. दोघांचं नाव सुकलू पुंगाटी. दोघांची जन्मतारीख एक जुलै एकोणनव्वद. नाव, गाव आणि तारीख जुळली म्हणून त्या प्रोग्रॅमनं कुणाला न विचारता दोन पोरांचा एक पोरगा करून टाकला होता. आणि दोन्ही नोंदी तुझ्या हातच्या होत्या. दवाखान्यानं सांगितलं, संक्रांतीपर्यंत बघू, नाही जमलं तर संगणक घेऊन जा, आमची वहीच बरी. तू तहसीन मॅडमना म्हणालीस की हे सुधारलं नाही तर मी मंडळच काय, कॉलेजही सोडते. हे मला नंतर कळलं.

तू प्रोग्रॅम करणाऱ्यांना लिहिलंस. त्यांचं उत्तर आलं की एका गावात, एकाच नावाची, एकाच दिवशी जन्मलेली दोन मुलं असणं जवळजवळ अशक्य आहे, तुमच्या नोंदीच चुकल्या असतील, आधी त्या सुधारा. त्यांचंही चूक नव्हतं. आपल्याकडे शुक्रवारी जन्मला तो सुकलू, जन्मली ती सुकरी, बुधवारची ती बुधरी, आणि आडनाव कुळाचं, हे त्यांना कोण सांगणार? आणि एक जुलैचं तर फक्त मलाच सांगता आलं असतं. म्हणून दिवाळीच्या सुटीत तू मंडळातल्या त्या नबीलला बरोबर घेऊन माझ्याकडे आलीस. चहा झाला, चिवडा झाला, आणि मग तू विचारलंस. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात सगळ्यांची तारीख एकच का, आणि मी हे लिहून देईन का.

मी काय बोललो ते मला शब्दन्‌शब्द आठवतं. “सरकारी रजिस्टरात चूक नसते. गुरुजीची चूक काढाले कॉलेजात पाठवलं का तुले?” तू आवाज चढवला नाहीस. एवढंच म्हणालीस, “चूक काढाले नाई आलो, गुरुजी. काऊन लिहिली, तेवढं सांगा. तिकडचे लोक मानून नाई राह्यले.” मी उठलो आणि तुमच्याकडे पाठ करून कपाटापाशी जाऊन उभा राहिलो. तुम्ही दोघं निघून गेलात तरी मी तसाच उभा होतो. नबीलनं जाताना कपबशा उचलून मोरीत नेऊन ठेवल्या. एवढ्या अपमानानंतर असं करणारं पोरगं आईबापांनी कसं वाढवलं असेल, असं मला नंतर कितीदा वाटलं.

काऊन लिहिली, ते आज सांगतो. जूनच्या शेवटी शाळा उघडायची. तुमचे आईबाप सात-आठ कोस चालत पोरांना घेऊन यायचे. पोराला डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान पकडता आला की सहा वर्षं पूर्ण झाली असं आम्ही धरायचो. फॉर्ममध्ये मात्र दिवस, महिना आणि साल लागायचं. ते नसेल तर वरचे लोक फॉर्म परत पाठवायचे, आणि फॉर्म परत गेला की पोरगंही परत जायचं, आणि एकदा परत गेलेलं पोरगं पुढच्या वर्षी यायचं नाही, गुरं राखायला लागायचं. पहिल्या वर्षी माझी अकरा मुलं अशी परत गेली. दुसऱ्या वर्षी मी पेन उचललं आणि ओळीनं सगळ्यांना एक जुलै लिहून टाकलं. एकही फॉर्म परत आला नाही. मग तीस वर्षं तेच. मला त्यात कधी खोटेपणा वाटला नाही, उलट जिंकल्यासारखं वाटायचं. आणि तू जेव्हा सांगितलंस की त्या तारखेपायी सुकलू मरता मरता वाचला, तेव्हा माझं ते सगळं जिंकणं एका चहाच्या कपात बुडालं. राग तुझ्यावर नव्हता, पोरी. पण निघाला तुझ्यावर.

त्यानंतरचं वर्ष मी कसं काढलं ते सोड. पुढे काय झालं हे कुणाला विचारायची माझी हिंमत नव्हती. सुकलू बरा आहे एवढं कळत होतं, त्याच्यावर मी समाधान मानलं. मग यंदाच्या जानेवारीत एका जुन्या विद्यार्थ्याच्या लग्नाला तिकडे आत गेलो. गाडीतून उतरताना गुडघा असा पिरगळला की लग्नाच्या मांडवाऐवजी मला थेट त्याच दवाखान्यात नेऊन बसवलं. खिडकीवर पोचू होता. आपल्याच शाळेचा, एकोणीसशे ऐंशीच्या सुमाराचा विद्यार्थी, भागाकारात कच्चा. माझं नाव विचारलं, वडलांचं नाव विचारलं, टोला कोणता ते विचारलं. मी म्हटलं, अरे, मला ओळखत नाहीस का? म्हणाला, ओळखतो, पण विचारावं लागते. मग जन्मतारीख विचारली. मी सांगितली, एक जुलै एकोणीसशे बेचाळीस. होय, माझीसुद्धा. माझ्याही मास्तरांनी तेच केलं होतं, आणि हे मी आयुष्यात कुणाजवळ बोललो नव्हतो. पोचूनं मान वर केली आणि अगदी सरळ चेहऱ्यानं विचारलं, “तारीख पक्की का अंदाजे, गुरुजी?”

मला वाटलं, पोरगा चेष्टा करतो आहे. मी काठी घेऊन उभा राहणार होतो, पण गुडघ्यानं साथ दिली नाही. तेव्हा त्यानं संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. तारखेच्या पुढे एक लहानशी चौकट होती आणि तिच्यापुढे मराठीत लिहिलं होतं, ‘तारीख अंदाजे’. तो म्हणाला की आता दोन माणसं सारखी दिसली तर हा प्रोग्रॅम आपल्या मनानं त्यांना एक करत नाही, आधी विचारतो, बापाचं नाव आणि टोला बघतो, आणि तारीख अंदाजे असली तर तिच्यावर विसंबत नाही. म्हणाला, आपल्या सुकरीनं बसवलं हे. आपल्याच दवाखान्यात नाही, जिथे जिथे हा प्रोग्रॅम चालतो त्या सगळ्या देशांत आता ही चौकट आहे. मी त्याला म्हटलं, कर खूण. त्या एका चौकटीत माझी एकतीस वर्षांची नोकरी मावली. औषध घ्यायचं विसरून मी बाहेर बाकावर बसून राहिलो, आणि पोचूला गोळ्या घेऊन माझ्या मागे यावं लागलं.

आता एक कबुली. मागच्या महिन्यात मी तुमच्या शनिवार मंडळात येऊन गेलो. आधी तहसीन मॅडमना फोन करून विचारलं की सुकरी कोणत्या शनिवारी नसेल. त्यांनी कारण विचारलं नाही, फक्त म्हणाल्या की येत्या शनिवारी ती मुलांना घेऊन गडचिरोलीच्या कॉलेजात जाणार आहे, तिथे नवं मंडळ सुरू करायला. म्हणजे तू माझ्या जिल्ह्यात आणि मी तुझ्या, अशी आपण त्या दिवशी जागांची अदलाबदल केली होती. भित्रेपणाच होता तो. पण बाहेरच्या जगाला उत्तर लिहिणारी मुलगी घडवणं वेगळं आणि तिच्या डोळ्याला डोळा भिडवणं वेगळं.

मी पोचलो तेव्हा वीज गेलेली होती. शेजारच्या दुर्गापूरच्या वीज केंद्राच्या चिमण्या रात्रंदिवस धूर काढतात, वीज आपल्याकडे तयार होते, आणि भारनियमनही आपल्याच वाट्याला. पण कुणी घरी गेलं नव्हतं. दोघं-दोघं बाकावर बसून छापील कागदावर पेन्सिलीनं एकमेकांचं काम तपासत होते. मॅडम म्हणाल्या, इथला नियमच आहे, आपलं काम दुसऱ्यानं वाचून सही केल्याशिवाय बाहेर पाठवायचं नाही, आणि नव्या मुलानं आल्या आल्या स्वतःचं काही लिहायचं नाही, आधी दुसऱ्या कुणाची तरी लहानशी अडचण दूर करायची. टेबलावर एक जुना रेडिओ पाठ काढून ठेवला होता. मॅडमचे वडील नईमभाई जटपुरा गेटजवळ रेडिओ दुरुस्त करायचे, हे तुला माहीतच असेल. त्या रेडिओच्या मागच्या झाकणावर आतून नकाशा चिकटवलेला होता, कोणती तार कुठे जाते त्याचा. मॅडम नव्या मुलांना तोच दाखवतात. म्हणतात, बनवणाऱ्यानं नकाशा आत ठेवला म्हणून माझ्या अब्बांसारखा चौथी शिकलेला माणूस चाळीस वर्षं लोकांचे रेडिओ बोलते करू शकला. मला संगणकातलं ओ की ठो कळत नाही, पण हे कळलं.

त्या दिवशी पहिल्या वर्षाची दहा-बारा मुलं मंडळ कसं असतं ते बघायला आली होती. चिमूरची करिश्मा त्यांना सांगत होती. मी मागच्या बाकावर बसलो, मी कोण हे तिला ठाऊक नव्हतं. आणि ती नेमकी तुझी गोष्ट सांगायला लागली. दोन सुकलू, दवाखाना, परदेशातून आलेलं उत्तर. मग ती म्हणाली की सुकरीताई एका गुरुजींकडे विचारायला गेली आणि गुरुजींनी सांगायला नकार दिला. मी खाली बघायला लागलो. माझ्या मनात आलं, आता माझी चामडी लोळवली जाणार, आणि ती लोळवली जाणं योग्यच आहे. एका मुलानं विचारलंसुद्धा, असे कसे गुरुजी? त्यावर करिश्मा म्हणाली, “आमीबी तेच म्हणलं होतं. तं सुकरीताईच आमच्यावर चिडली. म्हणे, गुरुजीनं तारीख लिहिली म्हणून आमी शाळेत गेलो. नाईतं आमचं नाव कुठीच नसतं.”

सुकरी, मी शिक्षक होतो. रडणाऱ्या मुलाला वर्गाबाहेर कसं न्यायचं हे मला येतं, पण स्वतःला कसं न्यायचं ते आलं नाही. तहसीन मॅडमच्या लक्षात आलं. त्यांनी मला आपल्या खोलीत नेलं, पाणी दिलं, आणि वीज आल्यावर तुझं त्या लोकांना पाठवलेलं टिपण काढून मराठीत सांगितलं. मी ते त्यांच्याकडून कागदावर उतरवून घेतलं आहे. ‘आमच्या जिल्ह्यातल्या या तारखा चुकलेल्या नाहीत. ज्या शिक्षकांना मुलं शाळेत हवी होती त्यांनी त्या विचार करून लिहिल्या आहेत. आम्ही त्या बदलणार नाही. तुमच्या प्रोग्रॅमला त्या समजून घेता यायला हव्यात, आणि ते काम आम्ही करून देत आहोत.’ मी तुला दारातून घालवलं होतं, आणि तू परक्या लोकांसमोर माझी बाजू घेतलीस. तीही पुराव्यासह. मंडळातल्या चाळीसेक मुलांनी आपापल्या गावी विचारून यादी केली, कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या दोनशे बारा मुलांपैकी सत्त्याऐंशी मुलं एक जून नाहीतर एक जुलैची निघाली, हे सगळं तू जोडलंस. त्यावर दूरच्या कुठल्या देशातल्या एका नर्सनं लिहिलं की आमच्याकडे डोंगरातले सगळे लोक एक जानेवारीचे आहेत, आम्हाला वाटायचं हे फक्त आमच्याकडेच होतं. म्हणजे माझ्यासारखा एखादा म्हातारा मास्तर तिकडेही बसला असणार. त्याला भेटायला मला आवडलं असतं.

मॅडम म्हणाल्या, तुझं काम तीनदा परत आलं. एकदा म्हणाले, एका वेळी इतकं बदलू नका. एकदा म्हणाले, तपासून पाहिल्याचं दाखवा. एकदा म्हणाले, ज्यांच्याकडे जुन्या नोंदी आहेत त्यांचं काय होईल ते सांगा. तुम्हाला इंटरनेट मिळायचं ते ऑफिसचा फोन मोकळा असेल तेव्हा, नाहीतर नबील सायकलवर बस स्टँडजवळच्या कॅफेत जाऊन पाठवायचा. दवाखान्यानं दिलेली संक्रांतीची मुदत उलटली, तेव्हा तू स्वतः जाऊन आणखी सहा महिने मागून घेतलेस, आणि तोवर सिकलसेलच्या प्रत्येक रुग्णाची नोंद वहीतही हातानं लिहून ठेवलीस. हे ऐकताना मला तुझी चौथीतली शुद्धलेखनाची वही आठवली. मी लाल शाईनं परत दिली की तू रुसायची नाहीस, गुपचूप पूर्ण पान नव्यानं लिहून आणायचीस. तेव्हा मी तुला शाबासकी दिली नव्हती. तेव्हाची आणि आत्ताची, दोन्ही आज एकदम देतो. मला तुझा अभिमान वाटतो. माझ्या छातीत मावत नाही एवढा वाटतो, आणि हे लिहायला मला दीड वर्ष लागलं याची लाजही वाटते.

निघताना मी मॅडमना म्हटलं, तिचं नाव कुठे लागलं आहे ते दाखवा. त्यांनी शेकडो नावांची यादी उघडली, कुठकुठल्या देशांतली, मला उच्चारताही येणार नाहीत अशी. त्यांत मधेच सुकरी पुंगाटी. मी ते पान छापून घेतलं. ते आता माझ्या घरात भिंतीवर आहे, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला चहाच्या आधी ते वाचावं लागतं. एवढ्यावर थांबलो नाही. इथल्या कॉलेजच्या प्राचार्यांकडे चार चकरा मारल्या, तेव्हा कुठे त्यांनी शनिवारची दुपार आणि सहा संगणक द्यायचं कबूल केलं. सध्या सात पोरं जमतात, पाच मुलगे आणि दोन मुली. मी दारात खुर्ची टाकून बसतो आणि वीज गेली की कुणाला घरी जाऊ देत नाही. पोरं विचारतात, गुरुजी, यात सर्टिफिकेट भेटते का? मी सांगतो, सर्टिफिकेट नाही, नाव लागतं, आणि ते लागतं ते काम झाल्यावरच, आधी नाही. एकानं विचारलं, आपल्यासारख्याचं काम तिकडे कोण घेईल? त्याला मी भिंतीवरचं पान वाचायला घरी पाठवलं. तहसीन मॅडम म्हणतात की त्यांना वाट दाखवायला तू महिन्यातून एक शनिवार येऊ शकशील. मी स्वतः बोलावतो आहे. ये.

आता कापड सोड. ही वही त्या दिवशी कपाटात होती. मी तुमच्याकडे पाठ करून उभा होतो तो हिच्यापुढेच. सरकारी रजिस्टरात मी एक जुलै लिहायचो, पण घरी आल्यावर आईबापांनी जे सांगितलं असेल ते या वहीत त्यांच्या शब्दांत उतरवून ठेवायचो. ‘मोहाची फुलं पडत होती.’ ‘धान कापून झालं होतं.’ ‘पर्लकोटा नदीला मोठा पूर आला त्याच्या तिसऱ्या दिवशी.’ ‘वाघानं लालू गाय नेली त्या हप्त्यात.’ चारशे बारा मुलं आहेत. का लिहायचो, हे तेव्हा मलाही धड सांगता आलं नसतं. कुणाला दाखवली नाही, कारण दाखवली असती तर मी जाणूनबुजून दुसरी तारीख लिहिली हे माझ्याच अक्षरात सिद्ध झालं असतं. तू मागितलेला पुरावा माझ्या हातापासून वीतभर अंतरावर होता आणि मी तो दिला नाही. माफी मागा म्हणालीस तर दहादा मागेन. वही आता तुझ्या मंडळाची. उघडून बघा, ज्यांचे आईबाप आहेत त्यांना विचारा, माझी चूक दिसली तर दुरुस्त करा, आणि दोघांनी वाचून सही केल्याशिवाय कुणाचीही तारीख पक्की करू नका.

फक्त एक ओळ मी स्वतः पक्की केली आहे, आणि हे पत्र तिच्यासाठीच आहे. पान एकोणनव्वद उघड. तुझी आई बुधरीबाई तुला घेऊन आली तेव्हा तिनं सांगितलेलं आहे तसं लिहिलं आहे. ‘होळी जळल्यावर पहिल्या शुक्रवारी. मोह वेचायला पहाटे निघालो की शेपटाची चांदणी दिसायची, त्या साली.’ ती शेपटाची चांदणी म्हणजे धूमकेतू. मीही तो शाळेच्या पटांगणातून पाहिला होता, एकोणीसशे शहाऐंशीच्या मार्चमध्ये. जुन्या पंचांगातून होळी काढली, मंगळवार होती, म्हणजे शुक्रवार अठ्ठावीस तारखेचा. मग गेल्या आठवड्यात सुकलूला घेऊन तुमच्या टोल्यावर गेलो आणि बुधरीबाईला पुन्हा विचारलं. तिनं तेच सांगितलं, आणि ते मोहाचं झाडही दाखवलं. वहीत माझी सही आहे, तिच्या खाली तिचा अंगठा आहे. म्हणजे तपासणारे दोन झाले, तुमच्या नियमाप्रमाणे. मी तुला तीन महिन्यांनी लहान करून ठेवलं होतं, सुकरी. आज तुला एकवीस वर्षं पूर्ण झाली. वाढदिवसाचे अनेक आशीर्वाद. यापुढे कुणी तारीख विचारली तर त्या चौकटीत खूण करू नकोस.

तुझाच,
नानाजी गुरुजी